न चिकटणारा फलक



आजच्या भाषणाचा विषय ‘चिकटविणें’ हा आहे, हें ऐकून आपल्यांपैकीं कांहींजणांस हसूं येईल. राज्यें मिळविणाऱ्यांचा आणि घालविणाऱ्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. परंतु दोन वस्तु एकमेकींस धरून ठेवणाऱ्या खळीचा, सरसाचा आणि डिंकाचा इतिहास सांगावयास सहसा कोणी बसत नाहीं. वास्तविक पाहतां ही विद्या राज्यांहून फार जुनी आहे. इटलींतील तस्कनी प्रांतांत काम्पितेल्लो नांवाच्या ठिकाणीं दगडाचीं पातीं सांपडलीं आहेत; त्यांस भूर्जाच्या सालीपासून काढलेलें डांबर लागलेलें आहे. तीं सुमारें दोन लाख वर्षांपूर्वींचीं मानतात. म्हणजे तुम्हां-आम्हांसारखा मनुष्य युरोपांत पोंचण्याच्या कितीतरी आधींचीं, निअँडरथल मानवांच्या हातचीं. ईजिप्तमध्यें थीब्झ येथें रेखमिरे नांवाच्या प्रधानाचें थडगें आहे. तें ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकांतलें. त्याच्या भिंतीवर सुतारांचें चित्र असून त्यांत सरसाचें भांडें विस्तवावर ठेवलेलें दाखविलें आहे. जुन्या पद्धतीच्या सुतारास तें चित्र कोणी समजावून देण्याची गरज नाहीं. त्याच्या दुकानांतलेंच तें भांडें!

आपल्याकडची सामग्री आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुलें पतंगास शितें लावतात. बुकबाइंडर कणकेची किंवा मैद्याची खळ शिजवितो आणि कसर लागूं नये म्हणून तींत चिमूटभर मोरचूद टाकतो. सुतार जनावरांच्या कातड्याचा व हाडांचा सरस पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून ऊन करतो. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो. बाभळीचा डिंक पाण्यांत भिजवून शाळेंतील मुलांनीं किती पाकिटें चिकटविलीं असतील, त्याची गणतीच नाहीं. इंग्लंडांत १८४० सालीं पहिलें टपालाचें तिकीट निघालें, तेंही मागें गोंद लावूनच.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे आणि ती नीट ध्यानांत ठेवावी, अशी माझी विनंति आहे. कागद, लाकूड, कापड, कातडें हे सर्व तहानलेले पदार्थ आहेत. त्यांच्या अंगीं सूक्ष्म छिद्रें असतात. खळ त्यांत शिरते, पाणी उडून जातें आणि मागें राहिलेलें द्रव्य मुळाप्रमाणें आंत घट्ट होतें. हजारों वर्षें मनुष्याचा अनुभव एवढाच होता. त्यामुळें चांगलें चिकटलें नाहीं म्हणजे खळ पातळ झाली किंवा सरस भेसळीचा निघाला, असेंच तो समजत आला. दोष सदैव चिकटविणाऱ्या द्रव्याचा! ज्यास चिकटवावयाचें तो पदार्थ मुळांतच नकार देत असेल, ही कल्पना त्याच्या मनांत येण्याचें कारणच नव्हतें.

असा नकार देणारा पदार्थ आज प्रत्येक गांवच्या चौकांत उभा आहे. दुकानाची पाटी, शिकवणीच्या वर्गाची जाहिरात, लग्नघराकडे नेणारा बाण, निवडणुकींतील उमेदवाराचें चित्र, रस्त्याच्या कामावरील सूचना, या सर्वांसाठीं जो हलका, पोकळ, पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा वापरतात, ज्यास बाजारांत सर्रास ‘सनपॅक’ म्हणतात, तो हा पदार्थ. दोन पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्यें उभ्या बारीक भिंतींच्या रांगा, अशी त्याची रचना असते. कडेनें पाहिलें असतां मधमाशांच्या चौकोनी पोळ्याचा भास होतो. पूर्वीं पेंटर लोक टिनाच्या पत्र्यावर तेलाच्या रंगानें अक्षरें काढीत. ती पाटी दहा-वीस वर्षें टिके, पण तिला दोन माणसें आणि शिडी लागे. हा पत्रा शाळकरी मुलगाही बगलेंत मारून नेतो. पाण्यानें कुजत नाहीं, गंजत नाहीं, स्वस्त पडतो. गुण पुष्कळ आहेत. परंतु त्यास कांहीं चिकटवावयास जावें, तर आपली सर्व परंपरागत विद्या तेथें थिटी पडते.

ही केवळ गंमतीची गोष्ट नव्हे, हें एका प्रसंगावरून मला पटलें. आमच्या भागांत एका ओढ्यावर सखल फरशी आहे. पावसाळ्यांत तिच्यावरून पाणी वाहतें. पाणी असतांना वाहन घालूं नये, असा फलक तेथें लाविला होता. ज्यांनीं लाविला त्यांचें नांव घेण्याचें कारण नाहीं, त्यांचा हेतु चांगलाच होता. लाकडी फळीवर हा पन्हळी पत्रा पिवळ्या रबरी सोल्यूशननें डकविला होता. मृगाच्या पहिल्या वादळानें पत्रा उडाला. फळी मात्र खांबावर जशीच्या तशी राहिली, कोरी! त्याच आठवड्यांत पहांटेच्या अंधारांत एक दूधवाला मोटरसायकलीसह पाण्यांत गेला. बाभळीच्या फांदीला धरून राहिल्यामुळें तो वांचला. गाडी आणि दुधाच्या किटल्या वाहून गेल्या. पुढें चार दिवस गांवांत चर्चा चालली ती सोल्यूशन विकणाऱ्या दुकानदाराच्या लबाडीची.

मी ती फळी जाऊन पाहिली. फळीवर सोल्यूशनचा थर पूर्णपणें शाबूत होता, बोटानें ओढूनही निघेना. शेतांत अडकलेला पत्रा सांपडला, त्याच्या पाठीवर सोल्यूशनचा एक ठिपकाही नव्हता; जणूं तेथें कधीं कांहीं लाविलेंच नव्हतें. तुटलेला सांधा हा वाचावयाचा लेख असतो. द्रव्य दोन्ही बाजूंस थोडें थोडें राहिलें असेल, तर द्रव्य स्वतः दुबळें होतें असें समजावें. एका बाजूस सर्वच राहिलें आणि दुसरी बाजू स्वच्छ निघाली, तर त्या दुसऱ्या पृष्ठभागानें द्रव्य घेतलेंच नाहीं. येथें दुकानदार निर्दोष होता. लाकडानें सोल्यूशन घेतलें, पत्र्यानें घेतलें नाहीं.

कां घेतलें नाहीं? याचें उत्तर शोधण्यास आरंभ झाला तो हा पत्रा जन्मण्यापूर्वीं दीडशें वर्षें. थॉमस यंग हा इंग्रज वैद्य मोठा बहुश्रुत होता. प्रकाशाच्या लहरींपासून ईजिप्तच्या चित्रलिपीपर्यंत त्याची बुद्धि संचार करी. १८०५ सालीं त्यानें द्रवपदार्थांच्या संलग्नतेविषयीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध मांडला. त्याचा आशय आपल्या घरगुती भाषेंत सांगतां येतो. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो. पाटीच्या दगडावर तोच थेंब पसरतो. थेंबाची कड पृष्ठभागाशीं जो कोन करते, त्या कोनावरून तो पृष्ठभाग त्या द्रवास किती जवळ करतो हें कळतें. चिकटविणारें द्रव्य लावतांना तें द्रवरूपच असतें. तें पसरलें, भिडलें, तर पुढें चिकटण्याची गोष्ट. तें मोत्यासारखें गोळा झालें, तर वाळल्यावर त्याची शक्ति कितीही असो, ती व्यर्थ. अळवावरचें पाणी हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुरतेसाठीं वापरतों. पण तो शास्त्राचाही उत्तम दृष्टान्त आहे.

तथापि यंगच्या निबंधाचा उपयोग कारखान्यांत होण्यास विमानांचें युग यावें लागलें. केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथें नॉर्मन डि ब्रुइन या शास्त्रज्ञानें विमानांसाठीं कृत्रिम चिकटद्रव्यें तयार केलीं. १९४१ सालीं त्यानें ‘रेडक्स’ नांवाचें द्रव्य काढलें, आणि त्यानें धातूचा पत्रा धातूच्या पत्र्यास चिकटूं लागला. रिव्हेटीवांचून विमानाचे पत्रे जोडतां येतात, हें त्या काळच्या कारागिरांस जादूसारखें वाटलें असेल. धातूस लाकडासारखीं छिद्रें नाहींत. म्हणजे छिद्रें हेंच चिकटण्याचें एकमेव कारण नव्हे, हें सिद्ध झालें. याच डि ब्रुइननें १९३९ सालींच एक नियम सांगून ठेविला होता. कांहीं पदार्थांच्या रेणूंत विद्युद्भाराची विषमता असते, कांहींच्या रेणूंत नसते. पहिल्या जातीचें द्रव्य दुसऱ्या जातीच्या पदार्थास बळकट सांधा देऊं शकत नाहीं, आणि उलटही तसेंच. सोयरीक जुळण्यास गोत्र पाहावें, तसेंच हें! आपल्या पन्हळी पत्र्याचें गोत्र कोणतें, हें पाहावयाचें तर त्याची जन्मकथा ऐकली पाहिजे.

तो पत्रा पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लॅस्टिकचा असतो. खनिज तेलाच्या कारखान्यांत प्रॉपिलीन नांवाचा वायु निघतो. त्यांत कार्बन व हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांवांचून कांहीं नाहीं. आमच्या जुन्या शाळापुस्तकांत त्यांस कर्ब व उज्ज म्हणत. १९५१ सालीं अमेरिकेंत ओक्लाहोमा संस्थानांतील बार्टल्सव्हिल येथें फिलिप्स पेट्रोलियम कंपनीचे पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स हे या वायूपासून पेट्रोल करूं पाहत होते. पेट्रोल व्हावयाच्या ऐवजीं त्यांच्या नळ्यांत पांढरा घट्ट पदार्थ सांठला. तिकडे जर्मनींत म्युल्हाइम येथें कार्ल त्सीग्लर यांनीं १९५३ सालीं ॲल्युमिनियम व टिटॅनियम यांच्या संयुगांचा असा एक उत्प्रेरक शोधला कीं, त्यायोगें साध्या दाबाखालीं वायूच्या रेणूंची लांब सांखळी बनूं लागली. मिलान येथील पॉलिटेक्निकमधील प्राध्यापक जूलियो नात्ता हे इटलीच्या मोंतेकातीनी कंपनीचे सल्लागार होते आणि त्या कंपनीचा त्सीग्लर यांच्याशीं करार झालेला होता. त्यामुळें तो उत्प्रेरक त्यांच्या हातीं आला. ११ मार्च १९५४ या दिवशीं मिलानच्या प्रयोगशाळेंत त्याच्या साह्यानें प्रॉपिलीनची सांखळी तयार झाली.

नात्ता यांची थोरवी केवळ पदार्थ मिळविण्यांत नाहीं, तो ओळखण्यांत आहे. प्रयोगांतून प्रथम जें निघालें, तें चिकट, रबरासारखें मिश्रण होतें. निरनिराळ्या द्रावकांत तें उकळून त्यांनीं त्याचे भाग वेगळे केले, तेव्हां चिकट भाग विरघळून निघून गेला आणि शेवटीं पांढरी, कठीण, स्फटिकमय भुकटी मागें राहिली. क्ष-किरणांनीं तिची परीक्षा केली तेव्हां असें दिसलें कीं, त्या लांब सांखळीवरील सर्व लहान फांद्या एकाच बाजूस, कवायतीच्या शिपायांप्रमाणें ओळीनें उभ्या आहेत. चिकट भागांत मात्र त्याच फांद्या वाटेल तशा विस्कळित होत्या. या शिस्तबद्ध रचनेस ‘आयसोटॅक्टिक’ हें ग्रीक धर्तीचें नांव सुचविलें तें नात्ता यांच्या विदुषी पत्नी रोझिता बेआती यांनीं. १९५७ पासून फेर्रारा येथें या प्लॅस्टिकचा कारखाना चालूं झाला आणि इटलीच्या बाजारांत त्याच्या बादल्या दिसूं लागल्या. १९६३ सालीं त्सीग्लर व नात्ता यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. पण तोंपर्यंत या शोधाच्या हक्कावरून दोघांच्या स्नेहांत अंतर पडलें होतें, आणि नात्ता यांस कंपवातानें ग्रासलें होतें. अमेरिकेंतील पेटंटाचा वाद तर १९८३ सालीं मिटला, आणि तो होगन व बँक्स यांच्या बाजूनें!

आतां पाहा. ज्या शिस्तीमुळें हा पदार्थ कठीण, टिकाऊ आणि १६० अंशांच्या आसपासपर्यंत न वितळणारा झाला, त्या शिस्तीनेंच तो न चिकटणारा झाला. त्याच्या अंगीं कर्ब आणि उज्ज यांवांचून कांहीं नाहीं. विद्युद्भाराची विषमता नाहीं. नेहमींच्या उष्णतेस तो कोणत्याही साध्या द्रावकांत विरघळत नाहीं. मेणाचा तो थोरला भाऊच म्हणावा. डि ब्रुइनच्या नियमाप्रमाणें बाजारांतील बहुतेक चिकटद्रव्यें त्याच्या गोत्रांत बसत नाहींत. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंत विल्यम झिस्मन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत अशा पृष्ठभागांस आंकडे देऊन ठेविले आहेत. पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारें ७३ डाइन. नायलॉनच्या पृष्ठभागाचा आंकडा ४६, नळाच्या पीव्हीसीचा ३९, पिशवीच्या पॉलिथीनचा ३१ आणि आपल्या पॉलिप्रॉपिलीनचा २९च्या आसपास. त्याहून खालीं उतरावें तर टेफ्लॉन, १८! ज्या द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या आंकड्याहून बराच अधिक, तो द्रव तेथें गोळा होतो, पसरत नाहीं.

गंमत अशी कीं, या अडचणीनें पहिल्यानें हैराण झाले ते चिकटविणारे नव्हेत, छापणारे. प्लॅस्टिकवर शाई ठरेना. व्हर्नर आयस्बी या डॅनिश अभियंत्यानें १९५१ सालीं प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यावरून उच्च दाबाचा विद्युत्-स्फुल्लिंग फिरवून पाहिला आणि त्यावर शाई धरूं लागली. त्यास ‘करोना’ प्रक्रिया म्हणतात. त्या नांवाच्या रोगाशीं तिचा अर्थातच संबंध नाहीं. त्याच सुमारास पृष्ठभागावरून क्षणभर निळी ज्योत फिरविण्याची रीतिही निघाली. दोन्हींचें मर्म एकच. पृष्ठभागाच्या अगदीं वरच्या रेणूंस हवेंतील प्राणवायु चिकटवून द्यावयाचा. म्हणजे त्यांचें गोत्रच बदलतें. छापण्यासाठीं येणाऱ्या पन्हळी पत्र्यास कारखान्यांत ही प्रक्रिया दिलेली असते आणि आंकडा ३८ किंवा त्याहून वर नेलेला असतो. परंतु हें तेज कायमचें नव्हे. पत्रा गोदामांत महिनोन्‌महिने पडला, कीं तें हळूहळू ओसरतें. शिवाय कांहीं पत्र्यांच्या एकाच बाजूस ती दिलेली असते. म्हणून दुकानांतून पत्रा आणल्यावर पहिली परीक्षा फुकट आहे: दोन्ही बाजूंवर पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. ज्या बाजूवर तो अधिक पसरेल, ती बाजू चिकटविण्याची.

येथून पुढें द्रव्यांची निवड. बाजारांतलें पांढरें द्रव्य घ्या. ज्या रसायनापासून तें होतें, त्याचें पेटंट जर्मनींत फ्रिट्झ क्लाटे यांनीं १९१२ सालीं घेतलें, आणि आपल्याकडे १९५९ पासून फेविकॉल या नांवानें तें सुताराच्या हातीं आलें. सरसाचें भांडें विस्तवावरून उतरविलें तें यानेंच. लाकडास तें अद्वितीय. पण त्यांतील पाणी कोणीतरी प्यावें लागतें. दोन प्लॅस्टिकच्या पत्र्यांमध्यें तें सांपडलें, तर आठ दिवसांनींही दह्यासारखें ओलेंच! क्षणांत चिकटणारें द्रव्य घ्या. त्याचा शोध हॅरी कूव्हर यांस १९४२ सालीं बंदुकीच्या नेमाच्या भिंगासाठीं प्लॅस्टिक शोधतांना लागला; सर्वच वस्तूंस चिकटतें म्हणून त्यांनीं तें टाकून दिलें, आणि १९५८ सालीं तेंच विक्रीस आलें. बोटांस तें तात्काळ चिकटतें, या पत्र्यास मात्र नाहीं. आधीं विशिष्ट प्रायमर लावला तरच. दोन नळ्यांचें एपॉक्सी द्रव्य १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडांतून आलें. तें धातूवर आणि कांचेवर बळकट. येथें वाळून कडक झालेला थर नखानें उचलला जातो. पुष्कळ लोक नळ जोडण्याचें पीव्हीसीचें सोल्यूशन आणून लावतात. तें सोल्यूशन वस्तुतः चिकटवीत नाहीं, तें नळाचें अंग विरघळवून एकजीव करतें. आपला पत्रा विरघळतच नाहीं, मग एकजीव काय होणार?

तर मग चिकटतें तरी काय? याचें एक उत्तर नात्ता यांच्या प्रयोगशाळेंतच पडलेलें होतें. त्यांनीं जो चिकट, विस्कळित भाग उकळून वेगळा केला, तो कारखान्यांतही वर्षानुवर्षें टाकाऊ म्हणून निघत असे. पुढें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, हा तर याच पदार्थाचा सख्खा भाऊ. रसायन तेंच, फक्त शिस्त नाहीं. म्हणून तो वितळवून लाविला तर पॉलिप्रॉपिलीनवर सहज पसरतो. त्यापासून ऊन करून लावण्याचीं चिकटद्रव्यें निघालीं. शिस्तीच्या भावास जोडावयास बेशिस्त भाऊच उपयोगी पडला! आज या जातीचें द्रव्य मुद्दाम तयार करतात. आपल्या बाजारांत गरम बंदुकीच्या ज्या पांढऱ्या कांड्या मिळतात, त्या बहुधा दुसऱ्या जातीच्या, ईव्हीएच्या असतात. त्याही या पत्र्यास बऱ्यापैकीं धरतात, परंतु उन्हांत मऊ होतात. वैशाखांत काळ्या रंगाचा फलक हात लावूं देत नाहीं, हें ज्यानें पाहिलें त्यानें घराबाहेरच्या कामासाठीं विक्रेत्याजवळ ‘पॉलिओलेफिन’ कांडी मागावी. मात्र बंदुकीचें टोक पत्र्यावर फार वेळ टेंकवूं नये. पापुद्रा कागदाएवढा पातळ असतो, भोंक पडतें.

दुसरें उत्तर पट्टीचें. अमेरिकेंतील सेंट पॉल शहरीं रिचर्ड ड्रू यांनीं १९२५ सालीं मोटारी रंगविणाऱ्यांसाठीं कागदी पट्टी आणि १९३० सालीं पारदर्शक पट्टी काढली. नुसत्या दाबानें चिकटणें हा तिचा गुण. तिच्यावरील द्रव्य कायम मऊ राहतें आणि दाबलें असतां पृष्ठभागास भिडतें. दोन्ही बाजूंनीं चिकटणाऱ्या पट्ट्यांत आज अशा ‘न घेणाऱ्या’ पृष्ठभागांसाठीं मुद्दाम बनविलेली जात मिळते. ती साध्या पट्टीहून महाग असते. तिला जोरानें दाबावें आणि एक रात्र तशीच राहूं द्यावी. पहिल्या तासांत तिची परीक्षा घेऊं नये. रबरी सोल्यूशन प्रक्रिया केलेल्या बाजूवर, दोन्ही अंगांस लावून, पुरतें सुकवून मग दाबलें, तर चालतें. आमच्या फरशीवरच्या फलकास तें पत्र्याच्या मागच्या, कोऱ्या बाजूवर लाविलें होतें.

तिसरें उत्तर खर्चाचें आहे. बोरॉनयुक्त उत्प्रेरक घातलेलीं दोन नळ्यांचीं ॲक्रिलिक द्रव्यें निघालीं आहेत, तीं पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाशींच रासायनिक नातें जोडतात. सांधा इतका बळकट होतो कीं सांधा सुटण्याऐवजीं पत्राच फाटतो. पण लग्नघरच्या बाणासाठीं तें कोण आणणार? मोटारींच्या बंपरवर रंग ठरावा म्हणून क्लोरीनयुक्त प्रायमर लावतात, तोही मार्ग आहे. तोही चौकांतल्या पाटीसाठीं नव्हे.

द्रव्य योग्य निवडलें तरी दोन गोष्टी विसरल्या तर पश्चात्ताप होतो. पहिली, हें प्लॅस्टिक उष्णतेनें फार वाढतें. पहांटे वीस अंश आणि दुपारीं उन्हांत साठ अंश असें धरलें, तर आठ फूट लांबीचा पत्रा सुमारें एक सेंटिमीटर लांबतो. त्याच्यामागची लोखंडी चौकट जेमतेम एक मिलिमीटर. हा दररोजचा ओढा कडक द्रव्य सोसूं शकत नाहीं. म्हणून लांब फलकास लवचिक द्रव्य हवें, आणि तेंही सर्वत्र न माखतां मधून मधून. दुसरी गोष्ट, चिकटविलेली वस्तु सरकवून काढणें कठीण असतें, पण कोपऱ्यापासून सोलून काढणें सोपें. वारा नेमका सोलण्याचेंच काम करतो. त्यास एक मोकळा कोपरा पुरतो. यासाठीं कडांवर द्रव्य अखंड असावें, किंवा वरून पट्टी ठोकावी. जाड फलक पाहिजे असल्यास दोन पत्रे पन्हळींची दिशा उभी-आडवी ठेवून चिकटवावे. एकाच दिशेनें ठेविले तर दोन्ही एकाच रेषेंत वांकतात. पृष्ठभाग स्पिरिटानें पुसून घ्यावा, कारण पत्रे एकमेकांवरून सुटे सरकावेत म्हणून त्यांत मिसळलेलीं मेणचट द्रव्यें कालांतरानें वर येतात. पॉलिश-कागदानें घांसण्याचा उपदेश पुष्कळ जण करतात. या प्लॅस्टिकच्या बाबतींत त्याचा लाभ थोडा, कारण घांसल्यानें गोत्र बदलत नाहीं.

आणि जेथें फलक पडल्यानें कोणाचा जीव जाऊं शकतो, तेथें केवळ चिकटविण्यावर विसंबूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. या पत्र्याची रचनाच अशी आहे कीं, त्यास चिकटद्रव्याची गरज पुष्कळदां पडतच नाहीं. पन्हळींतून जाड तार ओंवतां येते. स्क्रूखालीं रुंद चकती घातली तर पत्रा फाटत नाहीं. आणि भोंक स्क्रूहून थोडें मोठें ठेविलें, तर उन्हानें वाढण्यास जागा राहते. कारखान्यांत तर तापविलेल्या पात्यानें किंवा अतिसूक्ष्म कंपनांनीं कडा वितळवून एकमेकींत मिळवितात. खोकीं आणि टोपल्या तशाच बनतात. फरशीजवळचा नवा फलक आतां लोखंडी चौकटींत चकत्यांसह स्क्रूंनीं बसविला आहे, आणि चौकटीच्या वरच्या बाजूस पत्र्याच्या पन्हळींचीं तोंडें पट्टीनें बंद केलीं आहेत. नाहीं तर त्यांत पावसाचें पाणी जाऊन शेवाळ धरतें आणि अक्षरांच्या मागून हिरव्या रेघा दिसूं लागतात.